क्रोशाचा पहिला ऑक्टोपस: नवशिक्यांसाठी, टाक्याटाक्याने

माझ्या पहिल्या ऑक्टोपसला सात पाय होते. मला ते कळलंही नव्हतं. भाचीनं एकेका पायाला बोट लावून मोजलं आणि विचारलं, "मावशी, एक कुठे गेला?" ऑक्टोपसचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो, हे मी तिला सांगितलं. ते खरंही आहे. पण मग ती रोज येऊन उगवला का ते बघायला लागली, आणि एका रात्री बसून मला आठवा पाय वेगळा विणून मध्येच कुठेतरी शिवावा लागला.

चूक पायांत नव्हतीच. डोक्याच्या काठाला २४ टाके असायला हवे होते, माझ्याकडे २१ उरले होते. दर तीन टाक्यांना एक पाय, म्हणजे सातच. वरती कुठेतरी तीन टाके गळले होते आणि मी मोजत नव्हते. म्हणून या लेखात मी मोजण्याबद्दल जरा जास्तच बोलणार आहे. टाका एकच आहे, तो अर्ध्या तासात येतो. खेळण्याला आकार येतो तो कुठे टाका वाढवला आणि कुठे घटवला यावरून.

अशा विणलेल्या, आत कापूस भरलेल्या छोट्या खेळण्यांना जपानीत अमिगुरुमी म्हणतात. 'अमि' म्हणजे विणकाम, आणि 'नुइगुरुमी' म्हणजे कापडी भरलेलं खेळणं. दोन्ही शब्दांची जोडाजोड. नेटवर नमुने शोधताना हा शब्द टाकला की भरपूर सापडतात.

काय काय लागेल

मध्यम जाडीची लोकर, एका रंगाची, ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो. पहिल्या वेळी ॲक्रिलिक किंवा ॲक्रिलिक-सुती मिश्र घ्या. शुद्ध सुती धाग्याचे टाके देखणे दिसतात, पण त्याला ताण नसतो, त्यामुळे नवख्या हाताची बोटं दुखतात. रंग फिका किंवा मध्यम असू द्या. काळ्या लोकरीत टाका कुठे संपला आणि कुठे सुरू झाला ते अनुभवी माणसालाही दिव्याखाली धरून बघावं लागतं. केसाळ, फुलारलेली लोकर तर मुळीच नको. चुकलं की ती उसवत नाही, गुंतून बसते.

सुई ३ मिलिमीटरची. लोकरीच्या लेबलवर बहुधा ४ मिलिमीटरची सुई वापरा असं लिहिलेलं असेल, पण ते स्वेटर-मफलरसाठी असतं. आपल्याला वीण घट्ट हवी, नाहीतर टाक्यांच्या फटींतून आतला पांढरा कापूस डोकावतो. म्हणून लेबलपेक्षा एक मिलिमीटर बारीक.

याशिवाय मोठ्या नाकाची, बोथट टोकाची शिवणाची सुई, कात्री, भरायला पॉलिस्टरचा फायबर (उशीत असतो तोच, एखादी जुनी उशी उसवली तरी चालेल), डोळ्यांसाठी ८ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे डोळे किंवा थोडा काळा दोरा, आणि एक सेफ्टी पिन. ही पिन म्हणजे फेरीची खूण. साधा कापूस भरू नका. तो गोळा होतो, आणि खेळणं धुतलं की आत ओला राहतो.

टाका

सुईवर सरकफास घ्या. धाग्याचा वेढा, त्यातून धागा ओढला, झाली एक साखळी. अशा वीस-पंचवीस साखळ्या आधी नुसत्या घालून बघा. एकसारख्या आल्या नाहीत तरी काळजी नको, फक्त इतक्या घट्ट नसाव्यात की सुई परत आत शिरणार नाही.

आपला मुख्य टाका म्हणजे मुका खांब. सुई टाक्यात घालायची, धागा ओढून बाहेर आणायचा, आता सुईवर दोन फास दिसतील. पुन्हा धागा घ्यायचा आणि दोन्ही फासांतून एकदम काढायचा. एवढंच. टाक्याच्या माथ्याकडे बघितलं तर दोन दोरे दिसतात, आडवा पडलेला इंग्रजी 'व्ही'. काही वेगळं सांगितलं नसेल तर सुई नेहमी या दोन्ही दोऱ्यांच्या खालून घालायची. नवखे लोक बऱ्याचदा नकळत एकच दोरा उचलतात आणि मग वीण ताणलेल्या जाळीसारखी दिसते.

धागा सुईवर घेण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. पहिल्यांदा धागा ओढताना तो सुईच्या वरून घेतला तर बाहेरून टाका 'व्ही'सारखा दिसतो. खालून आकड्यात पकडून ओढला तर फुलीसारखा. फुलीची वीण थोडी घट्ट आणि सुबक येते, आणि मला तीच आवडते. पण तुमचा हात जसा बसलाय तसा बसू द्या. मध्येच तऱ्हा बदलली की खेळण्यावर पट्टा उमटतो, तेवढं टाळा.

इंग्रजी नमुना वाचणार असाल तर एक खाचखळगा सांगून ठेवते. आपण ज्याला मुका खांब म्हणतोय त्याला अमेरिकन पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे. नमुना कुठल्या पद्धतीतला आहे ते वरच लिहिलेलं असतं. ते न वाचता सुरुवात केली तर ऑक्टोपस दुप्पट उंच आणि जाळीदार होतो.

वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब. घट म्हणजे दोन टाक्यांचा एक करणं, पण ती करायची एक साफसूफ रीत आहे. पुढच्या टाक्याचा फक्त पुढचा दोरा सुईवर घ्या, लगेच त्याच्या पुढच्या टाक्याचाही फक्त पुढचा दोरा घ्या. आता सुईवर तीन फास झाले. धागा घेऊन पहिल्या दोघांतून ओढा, मग पुन्हा धागा घेऊन उरलेल्या दोघांतून. ही घट बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. साध्या घटीनं जागोजागी गाठी आल्यासारखं वाटतं.

सुरुवातीचं कडं

डोकं वरून खाली विणायचं. सुरुवात मॅजिक रिंगनं, म्हणजे ओढल्यावर आवळणाऱ्या कड्यानं. लोकरीचं टोक तळहाताकडे धरून धागा डाव्या हाताच्या दोन बोटांभोवती एकदा असा गुंडाळा की बोटांवर फुली पडेल. फुलीतल्या पहिल्या धाग्याखालून सुई घाला, दुसरा धागा पकडून बाहेर ओढा, सुईला जरा पीळ द्या आणि एक साखळी घाला. आता बोटं काढून घ्या. हातात एक ढिलं कडं आणि त्यावर सुई एवढंच राहील. त्या कड्यात सहा मुके खांब विणायचे. प्रत्येक वेळी सुईच्या खाली कड्याचा धागा आणि सुटं टोक असे दोन्ही धागे आले पाहिजेत. सहा झाले की टोक ओढा. मधलं भोक मिटतं.

पहिल्या दहा वेळा ते मिटत नाही, उलट सगळं हातात सुटून येतं. कंटाळा आला तर दोन साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब विणा. मध्ये बारीकसं भोक राहतं, पण डोक्याच्या वरच्या बाजूला कोण बघतंय? हवं तर शेवटी टोकाच्या धाग्यानं आतून आवळून टाका.

सहाच का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळायचा. उत्तर वर्तुळात आहे. मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच असतो. प्रत्येक फेरीत त्रिज्या एका टाक्यानं वाढते, म्हणजे परीघ २π, म्हणजे सुमारे सव्वासहा टाक्यांनी वाढायला हवा. म्हणून दर फेरीला सहा टाके वाढवले की चकती सपाट बसते. कमी वाढवले तर वाटीसारखी वळते, जास्त वाढवले तर काठाला झालर येते. पुढचं सगळं यावरून समजून घेता येतं: वाढवत गेलो तर चकती, वाढ थांबवली तर भिंत, घटवत गेलो तर तोंड बंद.

डोकं

फेऱ्या जोडायच्या नाहीत, गोगलगाईच्या शंखासारखं सलग फिरत जायचं. त्यामुळे फेरी कुठे सुरू झाली हे डोळ्यांना कळत नाही. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, फिरून तिथे आलात की पिन काढून नव्या टाक्यात लावा. कंसातला आकडा म्हणजे त्या फेरीअखेर किती टाके हवेत ते.

फेरी १: कड्यात ६ मुके खांब (६)
फेरी २: प्रत्येक टाक्यात वाढ (१२)
फेरी ३: १ मुका खांब, १ वाढ, असं ६ वेळा (१८)
फेरी ४: २ मुके खांब, १ वाढ, ६ वेळा (२४)
फेरी ५: ३ मुके खांब, १ वाढ, ६ वेळा (३०)
फेरी ६: ४ मुके खांब, १ वाढ, ६ वेळा (३६)
फेरी ७ ते १२: प्रत्येक टाक्यात १ मुका खांब (३६)
फेरी १३: ४ मुके खांब, १ घट, ६ वेळा (३०)
फेरी १४: प्रत्येक टाक्यात १ मुका खांब (३०)
फेरी १५: ३ मुके खांब, १ घट, ६ वेळा (२४)
फेरी १६: प्रत्येक टाक्यात १ मुका खांब (२४)

पहिल्या सहा फेऱ्या संपेपर्यंत प्रत्येक फेरीनंतर मोजा. एक टाका कमी-जास्त आला तर ती फेरी उसवा. हो, उसवाच. पुढच्या फेरीत 'सांभाळून घेऊ' म्हटलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे. सातव्या फेरीपासून हात सैल सोडा, गाणी ऐका, पण पिनेपाशी आल्यावर पिन हलवायला विसरू नका.

सहाव्या फेरीपर्यंत चकती हळूच षटकोनी दिसू लागेल, कारण वाढी एकाखाली एक येतात. भरल्यावर ते फारसं जाणवत नाही. जाणवत असेल तर चौथ्या आणि सहाव्या फेरीत वाढ मधोमध आणा. सहाव्या फेरीत २ मुके खांब, वाढ, २ मुके खांब असं सहा वेळा केलं तरी टाके ३६च होतात, आणि कोपरे मोडतात.

आठव्या फेरीच्या सुमाराला वाटीची बाहेरची बाजू कुठली ते तपासा. एका बाजूला नीट टाके दिसतात, दुसऱ्या बाजूला आडव्या रेघा. रेघांची बाजू आत जायला हवी. नवख्या हातात वाटी बहुधा उलटी वळलेली असते. अंगठ्यानं ढकलून मोज्यासारखी उलटवा आणि पुढे चला.

डोळे

डोळे आता, सोळावी फेरी झाल्यावर, तळ उघडा असतानाच लावायचे. अकराव्या आणि बाराव्या फेरीच्या मधल्या फटीत, दोघांमध्ये सहा टाके सोडून. लावण्याआधी नुसते खोचून लांबून बघा. एका टाक्याच्या फरकानं चेहरा बावळट किंवा रागीट होतो. डोळे खाली आणि दूर ठेवले की खेळणं लहान बाळासारखं गोड दिसतं. आणि फेऱ्या थोड्या उजवीकडे सरकत जातात, त्यामुळे वरून सरळ रेघ मारून जागा ठरवू नका, त्याच फेरीतले टाके मोजा. प्लॅस्टिकच्या डोळ्याची मागची चकती एकदा दाबून बसली की निघत नाही, म्हणून हा घोळ आधीच घालून घ्या.

खेळणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर प्लॅस्टिकचे डोळे लावूच नका. कितीही घट्ट बसले तरी चावून चावून वीण सैल होते आणि डोळा तोंडात जातो. काळ्या दोऱ्यानं दोन मिटलेल्या पापण्या भरा. झोपलेला ऑक्टोपस तसाही जास्त लाघवी दिसतो.

आठ पाय

डोक्याच्या सोळा फेऱ्यांत मिळून ४५० टाके होतात आणि आठ पायांचे ३२०. म्हणजे डोकं झालं की काम संपलं असं वाटतं, पण तसं नसतं. जीवशास्त्रवाले यांना पाय म्हणत नाहीत, भुजा म्हणतात. आपल्या घरात पायच.

पाय वेगळे विणून शिवायचे नाहीत, डोक्याच्या काठावरूनच काढायचे. आणि इथे टाक्याच्या माथ्यावरचे ते दोन दोरे कामाला येतात. सतरावी फेरी फक्त पुढच्या, म्हणजे तुमच्याकडच्या दोऱ्यात करायची. मागचे दोरे मोकळे राहू द्यायचे, तळ बंद करायला ते लागणार आहेत.

पहिल्या टाक्याच्या पुढच्या दोऱ्यात एक स्लिप स्टिच करा, म्हणजे सुई घालून ओढलेला धागा थेट सुईवरच्या फासातूनही काढायचा. मग २१ साखळ्या घाला, जरा सैल हातानं. सुईजवळची पहिली साखळी सोडा, दुसरीपासून उरलेल्या २० साखळ्यांत प्रत्येकी दोन मुके खांब विणत परत या. चार-पाच साखळ्या झाल्या की पाय आपोआप पिळत जातो, कारण एका साखळीएवढ्या जागेत दोन टाके मावत नाहीत आणि ते गुंडाळायला बघतात. पहिल्यांदा हे हातात घडताना बघायला फार मजा येते. डोक्यापर्यंत पोचलात की ज्या टाक्यातून पाय निघाला त्याच पुढच्या दोऱ्यात पुन्हा स्लिप स्टिच, मग पुढच्या दोन टाक्यांच्या पुढच्या दोऱ्यांत एकेक स्लिप स्टिच. झाला एक पाय, वापरले तीन टाके. असं आठ वेळा.

पाय पिळत नसेल तर साखळी फार घट्ट किंवा फार सैल झाली असेल. बोटांत धरून स्वतः पीळ द्या, तो टिकतो. साखळी घट्टच येत असेल तर फक्त साखळीसाठी साडेतीनची सुई वापरा. पायांची लांबी थोडी कमी-जास्त झाली तर चालेल, पण २० ऐवजी १७ साखळ्या विणून 'दिसणार नाही' म्हणाल तर ते नक्की दिसतं, लहान मुलांना तर सगळ्यात आधी.

भरणं आणि तळ

आता डोकं भरा. फायबर बोटांनी मोकळा करून थोडा थोडा घाला, आधी भिंतींना आणि वरच्या गोलाईला, शेवटी मध्ये. एकदम मोठा गोळा कोंबला की डोक्याला टेंगळं येतात. दाबल्यावर परत फुगलं पाहिजे, पण टाके ताणून फटी पडल्या तर जास्त झालं.

पाय डोक्याकडे दुमडून धरा. मागचे २४ मोकळे दोरे दिसतील. धागा न तोडता पहिल्या मागच्या दोऱ्यात शिरा:

फेरी १८: मागच्या दोऱ्यांत २ मुके खांब, १ घट, ६ वेळा (१८)
फेरी १९: १ मुका खांब, १ घट, ६ वेळा (१२)
फेरी २०: ६ घटी (६)

अठराव्या फेरीतली घट मागच्याच दोन दोऱ्यांतून करायची, पुढचे दोरे पायांनी घेतलेले आहेत. एकोणिसावीनंतर थोडा फायबर अजून घाला. शेवटी वीतभर धागा ठेवून कापा, शिवणाच्या सुईत ओवा, सहाही टाक्यांच्या पुढच्या दोऱ्यांतून आतून बाहेर फिरवून आवळा. सुई डोक्यातून आरपार काढा, धागा किंचित ओढून कातरा. टोक आपोआप आत जाईल. नुसती गाठ मारून कापलेला धागा मुलांच्या हातात दोन दिवसांत सुटतो.

तीन मिलिमीटरच्या सुईनं हा साधारण सहा सेंटिमीटर रुंद डोक्याचा होतो. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, वितळतं. कोमट पाण्यात हातानं धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि पाय पुन्हा पिळून सावलीत ठेवा.

लेकुरवाळ्या घरी भेट द्यायचा असेल तर पायांची लांबी जपा. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून स्वयंसेवक अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी असे ऑक्टोपस विणून रुग्णालयांना देतात. पीळदार पाय धरून बाळाला नाळेची आठवण येते, अशी त्यामागची कल्पना. औषधासारखा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि रुग्णालयानं मागितल्याशिवाय देऊही नये. तिथे धागा शुद्ध सुतीच लागतो, कारण खेळणं गरम पाण्यात धुवावं लागतं, आणि पाय ताणून २२ सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत, बाळाच्या मानेभोवती वेढा पडू नये म्हणून. आपले पाय २० साखळ्यांचे, त्यापेक्षा बरेच आखूड आहेत. तरीही पाळण्यात झोपलेल्या बाळाजवळ कुठलंही खेळणं ठेवून खोलीबाहेर जाऊ नका.

दुसरा प्राणी करायचा असेल तर हेच डोकं वापरा. पायांच्या जागी नुसत्या ३० साखळ्यांचे धागे लोंबवले, काही पीळदार, काही सरळ, तर जेलीफिश. माझ्या भाचीनं आता खेकडा मागितलाय. त्याला दहा पाय असतात, हे तिनं आधीच सांगून ठेवलंय.